शिल्लक कुणाची, दान कुणाचे?

'टाकाऊ' या शब्दाचा अर्थ डिचोली महालातील माणसाला कोशात शोधावा लागत नाही. शिरगाव, मये, लामगाव या गावांच्या माथ्यावर खाणवाल्यांनी कमी प्रतीच्या मातीचे जे डोंगर रचून ठेवले, त्यांना कित्येक वर्षे हाच शब्द लावला जात होता. पावसाळ्यात त्या डोंगरांची लाल माती भातशेतीत उतरली तेव्हाही ती टाकाऊच होती, म्हणून तिची जबाबदारी कुणावर नव्हती. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली, कमी प्रतीचे खनिजही जहाजांत चढू लागले, आणि तेच डोंगर माल ठरले. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबवल्या, २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. आणि त्यानंतरही या ढिगांचे काय करायचे, हा प्रश्न सरकार, खाणमालक आणि न्यायालये यांच्यात घोळत राहिला. ज्या गावांच्या पोटातून ती माती निघाली, त्या गावांना ती काढताना, रचताना किंवा विकताना कुणी विचारले नव्हते.

ही कथा आज आठवण्याचे कारण निराळे आहे. वंध्यत्वावरील उपचारांत तयार झालेले, पण गर्भाशयात न सोडलेले मानवी भ्रूण देशभरातील उपचारकेंद्रांत द्रव नायट्रोजनच्या टाक्यांमध्ये साठून आहेत. त्यांना 'शिल्लक भ्रूण' म्हणतात. ते संशोधनाला दिले तर त्यास 'दान' म्हणतात, आणि त्यांपासून मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, अखंड वाढत राहणाऱ्या मालिका तयार करता येतात. माझा या संशोधनास विरोध नाही. ते आपल्या देशात आणि आपल्या संस्थांत व्हावे, असेच माझे मत आहे. माझा विरोध आहे तो 'शिल्लक' आणि 'दान' हे दोन शब्द ज्या सैलपणे वापरले जातात त्याला. शब्द सैल झाला की त्यामागचा हक्कही सैल होतो, हे साहित्याच्या मंडळात वावरणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एका महिन्यात एकाऐवजी अनेक बीजे पक्व केली जातात. ती शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत फलित केली जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींची एक पोकळ गोळी असते, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी. त्यांतील एक किंवा दोन गर्भाशयात सोडतात, बाकीचे उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवतात. त्या गोळीच्या आतल्या बाजूस पेशींचा एक लहान पुंजका असतो. पुढे बाळाचे सर्व अवयव याच पुंजक्यातून घडणार असतात. हा पुंजका सोडवून योग्य थरावर वाढवला, तर त्या पेशी विभागत राहतात आणि कोणत्याही अवयवाची पेशी होण्याची क्षमता टिकवून धरतात. मूळ भ्रूण मात्र या क्रियेत संपतो. मालिका म्हणजे काय, हे आपल्या स्वयंपाकघरातील विरजणावरून समजेल. कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधाला, आजचा उद्याच्या. शेजारणीने नेले तर तिच्या घरीही तेच. वर्षानुवर्षे ते चालू राहते, आणि पहिले दूध कुणाच्या गाईचे होते हे कुणाला आठवत नाही. फरक इतकाच की विरजणाला पेटंट नसते.

या शास्त्राचा मराठी मुलखाशी संबंध जुना आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा नावाची मुलगी जन्मली, तेव्हा ती भारताची पहिली नलिका-बालिका म्हणून गाजली. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले होते. त्यांची अवहेलना झाली, त्यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली, आणि पुढे आनंद कुमार यांनीच त्यांची कागदपत्रे तपासून त्यांना श्रेय दिले. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून पहिल्या पाच पेशीमालिका तयार केल्याचे जाहीर केले. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी ठरवले की त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या मालिकांवरील संशोधनालाच अमेरिकेचे सरकारी अनुदान मिळेल. मग अशा मालिका जगात कुणाकडे आहेत, याची यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीतील दहा मालिका भारतातील होत्या : मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसकडे सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राकडे तीन.

त्या वेळी आपल्याकडे अभिमान व्यक्त झाला, तो अस्थानी नव्हता. पण त्या दहा मालिकांमागे दहा भ्रूण होते, आणि त्या भ्रूणांमागे जोडपी होती. त्यांना काय सांगितले गेले, कोणत्या भाषेत, कोणत्या दिवशी, हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत जवळपास उमटलेच नाहीत. कुणी गैर केले असा आरोप मी करीत नाही. न विचारलेला प्रश्न हाच माझा मुद्दा आहे. पुढे आदित्य भारद्वाज आणि पीटर ग्लासनर यांनी भारतातील या संशोधनावर २००९ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, तेव्हा निपुत्रिक जोडप्यांची गरज आणि प्रयोगशाळेची गरज एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. सामान्य वाचकांपर्यंत ते पोहोचले नाही.

दरम्यान काम थांबले नव्हते. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दान केलेल्या शिल्लक भ्रूणांपासून 'काइंड-१' आणि 'काइंड-२' या मालिका तयार केल्या आणि त्यांची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे वैशिष्ट्य असे की पेशी वाढवण्यासाठी उंदराच्या पेशींचा नेहमीचा थर न वापरता संस्थेतच तयार केलेला मानवी पेशींचा थर वापरला. त्याच वर्षी बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील डॉ. मनीषा इनामदार यांनी दोन भावंड मालिका प्रसिद्ध केल्या. त्या तिसऱ्या प्रतीच्या, म्हणजे गर्भाशयात सोडण्यास अयोग्य म्हणून बाजूला काढलेल्या भ्रूणांपासून केल्या होत्या. या कामाचे मोल मोठे आहे. जगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मालिका बहुतांशी युरोपीय आणि पश्चिम आशियाई वंशाच्या जोडप्यांच्या आहेत. आपल्या लोकांच्या शरीराचा अभ्यास त्यांच्यावरून पूर्ण होणार नाही.

आणि हे केवळ प्रयोगशाळेचे कौतुक राहिलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये कंपवाताच्या बारा रुग्णांच्या मेंदूत भ्रूणीय मूलपेशींपासून तयार केलेल्या चेतापेशी सोडल्याचा पहिल्या टप्प्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि उपचार सुरक्षित असल्याचे त्यात दिसले. त्या चेतापेशी ज्या मालिकेतून आल्या ती थॉमसन यांच्या १९९८ च्या पाचांपैकी एक. म्हणजे कुण्या अनाम जोडप्याने शतक उलटण्यापूर्वी दिलेला ठिपका पाव शतकानंतर परक्याच्या मेंदूत काम करतो आहे. एवढे मोठे देणे ज्यांनी दिले त्यांचा मान कशात आहे, हा माझा प्रश्न आहे.

यावर आपल्याकडे दोन तयार उत्तरे मिळतात. दोन्ही सोपी आहेत, आणि दोन्ही प्रश्न टाळतात.

पहिले उत्तर अभिमानाचे. हे सर्व आमच्याकडे होतेच, गांधारीचे शंभर पुत्र म्हणजे मूलपेशींचाच चमत्कार, असे हे उत्तर सांगते. २००२ मध्ये डॉ. बा. ग. मातापूरकर या नामवंत शल्यचिकित्सकांनी असा अर्थ मांडला. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी तोच पुन्हा सांगितला. ज्यांना महाभारतात प्रयोगशाळा दिसते त्यांनी निदान आदिपर्वातील ती कथा नीट वाचावी. व्यासांनी मांसपिंडाचे भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवले, तेव्हा शंभर भाग झाल्यावर एक भाग उरला. गांधारीच्या मनात एक कन्या असावी अशी इच्छा होती. त्या उरलेल्या भागाची दुःशला झाली. म्हणजे आपल्या कथेतही शिल्लक होती. आणि ती शिल्लक कशासाठी, हे मातेच्या इच्छेने ठरले. अभिमान बाळगायचाच असेल तर या तपशिलाचा बाळगावा. तुपाच्या कुंभांचे गुणगान करणारे गांधारीच्या इच्छेबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत.

दुसरे उत्तर निषेधाचे. भ्रूण म्हणजे पूर्ण मनुष्य, त्याला हात लावणे म्हणजे हत्या, असे ते म्हणते. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या चर्चची ही भूमिका आहे. व्हॅटिकनने ती १९८७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये लेखी मांडली आहे. ती मला मान्य नसली तरी तिच्यात सुसंगती आहे, कारण ते चर्च प्रयोगशाळेतील गर्भधारणेलाच नकार देते. परंतु उपचार घ्यायचे, दहा भ्रूण तयार होऊ द्यायचे, मूल झाल्यावर उरलेल्यांकडे पाठ फिरवायची, आणि कुणी संशोधनाचे नाव काढले की भ्रूणहत्या म्हणून कानांवर हात ठेवायचे, यात कसलीच सुसंगती नाही. टाकीतून काढून नष्ट होऊ देण्यास ज्याची हरकत नाही, त्याने तोच भ्रूण अभ्यासाला देण्यास हरकत घेताना निराळे कारण द्यायला हवे. शिवाय गर्भातील मुलगी नको म्हणून ज्या घरांनी काय काय केले आणि ज्यांच्यासाठी १९९४ चा कायदा करावा लागला, त्या घरांतून भ्रूणाच्या पावित्र्याची भाषा ऐकताना संकोच वाटतो.

म्हणून तिसरा मार्ग घ्यावा लागतो, आणि तो 'दान' या शब्दातूनच जातो. आपल्या धर्मशास्त्रात दान ही ढिली कल्पना नाही. देवलाने दानाची सहा अंगे सांगितली आहेत : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्माने देण्यास योग्य अशी वस्तू, देश आणि काल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांची चर्चा आहे. ही सहा अंगे घेऊन आजचे भ्रूणदान तपासले, तर काय दिसते?

दाता कोण? कागदावर पती आणि पत्नी, दोघांचीही लेखी संमती लागते. पण आपल्या घरांचा इतिहास कागदापेक्षा जुना आहे. पोर्तुगीज सरकारने १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंच्या रूढींची जी संहिता मान्य केली, तीत पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल न झाल्यास, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा न झाल्यास, काही अटींवर पतीला दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली होती. ही मुभा परकीयांनी लादलेली नव्हती; ती आपल्याच प्रतिष्ठितांच्या रूढी म्हणून नोंदली गेली. पेडणे आणि डिचोलीच्या जुन्या घराण्यांत दत्तकाची जी लांबलचक मालिका दिसते, तीही याच धाकाची दुसरी बाजू. आज दुसरे लग्न होत नाही, सून उपचारांना जाते. इंजेक्शने तिला, भूल तिला, सूज तिला. आणि पुढे काय करायचे याचा निर्णय सासू, थोरले दीर आणि पैसे देणारा मामा यांच्या बैठकीत. अशा घरात सुनेची सही म्हणजे दात्याची सही असे मानणे भाबडेपणाचे आहे.

प्रतिग्रहीता कोण? येथे कायद्याने काही सुधारणा केली आहे, हे नमूद करायला हवे. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा मंजूर केला आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतील. मुदत संपल्यावर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यावेत. ते संशोधनासाठी देशाबाहेर नेता येणार नाहीत. त्यांची विक्री हा गुन्हा आहे. हे चांगले आहे. पण 'नोंदणीकृत संशोधन संस्था' हे नाव नव्हे, वर्ग आहे. दात्याला ती संस्था सरकारी की खाजगी, तिला त्यातून पेटंट किंवा नफा मिळू शकतो का, हे कळले पाहिजे. देवळाला दिलेले समईचे तेल कोणत्या देवळात जळते, हे आपण विचारतो.

श्रद्धा म्हणजे येथे मनाचा मोकळेपणा. वर्षानुवर्षे मूल नसलेल्या, कर्ज काढून आलेल्या जोडप्याला ज्या डॉक्टरांच्या हाती आपले भविष्य आहे त्यांनीच "उरलेले संशोधनाला देता ना?" असे विचारले, तर नाही म्हणण्याची ताकद किती जणांत असेल? उपचार करणारा आणि संशोधन करणारा एकच नसावा, दात्याला मोबदला किंवा आमिष नसावे, हे तत्त्व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २००७ मध्ये आलेल्या, २०१३ आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या या सूचनांतच चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवू नये, ही मर्यादाही आहे. परंतु तत्त्व छापलेले असणे आणि ते दवाखान्याच्या खोलीत पाळले जाणे यांत अंतर असते. विचारणारा माणूस बदलला की उत्तर बदलते, एवढे तरी आपण मान्य करू.

देय वस्तू कोणती? 'उरलेला भ्रूण' असे सांगितले जाते. पण जे दिले जाते तो भ्रूण संपून जातो, आणि जे उरते ती मालिका असते, जी दात्याच्या नातवंडांनंतरही जगू शकते. तिच्यात त्या जोडप्याचा आनुवंशिक वारसा असतो. एकदा मालिका तयार होऊन वाटली गेली की दान परत घेता येत नाही. हे न सांगता घेतलेली संमती अर्धवट वस्तूची संमती ठरते. शिवाय शिल्लक ही निसर्गाने टाकलेली नसते. किती बीजे काढायची, किती फलित करायची, किती सोडायची, हे ठरवणाराच शिल्लक किती राहणार हे ठरवतो. म्हणूनच डॉ. इनामदार यांनी मुळातच बाजूला काढलेले भ्रूण वापरले, याला नैतिकदृष्ट्याही अर्थ आहे : तेथे शिल्लक वाढवण्यात कुणाचा लाभ नव्हता.

देश, म्हणजे स्थळ. गेल्या पावसाळ्यात नात्यातील एका जोडप्याने आपले संमतिपत्र अर्थ सांगण्यासाठी माझ्याकडे आणले. केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही. अनेक पाने, सगळी इंग्रजीत. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, बिलाच्या अटींच्या जरा वर, 'संशोधनासाठी वापरण्यास संमती' अशी एक चौकट, खूण केलेली. खूण कुणी केली, हे दोघांनाही आठवत नव्हते. सही मात्र दोघांची होती. ती सही पाहून मला जुनी दप्तरे आठवली. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी, पेडणे पोर्तुगीजांकडे गेल्यावर या नव्या काबिजादींत सरकारी व्यवहाराची भाषा बदलली, आणि पोर्तुगीज न वाचता येणाऱ्या कुळांनी-मुंडकारांनी पोर्तुगीज कागदांवर अंगठे उठवले. आपण प्रामाणिक असू तर हेही सांगू की आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज तेव्हा अंगठा देणाऱ्यांच्या रांगेत नव्हते, अंगठा घेणाऱ्यांच्या ओसरीवर होते. त्या कागदांनी काय केले, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. आता अंगठ्याची पाळी आपल्या घरातल्या मुलीसुनांवर आली आहे.

आणि काल. संमती विचारली जाते उपचारांच्या सुरुवातीला, जेव्हा किती भ्रूण होतील, मूल होईल की नाही, काही उरेल की नाही, यांपैकी काहीच माहीत नसते. त्या दिवशी जोडपे एकाच गोष्टीवर डोळे लावून बसलेले असते. न झालेल्या पिकाचे दान त्या दिवशी लिहून घेतले जाते. खरा काळ नंतर येतो : मूल झाल्यावर, किंवा आता पुरे असे दोघांनी ठरवल्यावर. तेव्हा ते भ्रूण म्हणजे नेमके काय, हे त्या दोघांना आतून समजलेले असते. काहींना ते मुलाचे भावंड वाटेल, काहींना केवळ पेशी वाटतील. दोघांनाही आपला निर्णय तेव्हाच नीट घेता येईल.

यावर आक्षेप येईल की एवढ्या अटी घातल्या तर संशोधन रखडेल आणि रुग्ण वाट पाहत राहतील. इतिहास उलट सांगतो. २००१ च्या यादीत साठहून अधिक मालिका होत्या, पुढे ती संख्या ७८ पर्यंत गेली. पण संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात आल्या त्या एकवीसच, आणि त्यांत भारतातील एकही नव्हती. त्यांतीलही काही मालिकांवर नंतर प्रश्नचिन्ह लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट स्ट्रायफर यांनी २००८ मध्ये त्यांची संमतिपत्रे तपासली, तेव्हा अनेकांत गंभीर उणिवा आढळल्या, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने काही मालिका वापरणे थांबवले. कागद कच्चा असला की त्यावर उभे राहिलेले विज्ञानही एक दिवस कच्चे ठरते. एका तासाचे संभाषण वाचवून वर्षांचे काम धोक्यात घालणे, याला घाई म्हणतात. वेग म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की आपल्या सामान्य माणसांना हे समजणार नाही. वाटणीच्या दाव्यात बांधावरचे माडसुद्धा मोजून घेणाऱ्या, तीन पिढ्यांच्या हिश्शांचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या माणसांना पेशीमालिका समजणार नाही, हे मी मानायला तयार नाही. त्यांना इंग्रजी चौकट समजत नाही, हे खरे. तो दोष त्यांचा नव्हे.

या प्रश्नाला गोव्यात आता निकड आली आहे. २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ उपचार मोफत सुरू झाले. शासनाचे हे पाऊल स्वागतार्ह आहे. पेडण्याच्या टोकापासून साखळीपर्यंतच्या ज्या जोडप्यांना खाजगी केंद्रांचा खर्च झेपत नव्हता, त्यांना दार उघडले. पण मोफत उपचार घेणारा माणूस नाही म्हणायला अधिकच कचरतो, हेही तितकेच खरे. कायद्याची दहा वर्षे मोजली, तर २०२३ मध्ये राज्यात जे भ्रूण गोठवले गेले असतील त्यांची मुदत २०३३ मध्ये संपेल. त्या वर्षी शेकडो घरांपुढे हा प्रश्न उभा राहील : नष्ट होऊ द्यायचे की द्यायचे. तोपर्यंत नियम आणि सवयी ठरून गेलेल्या असतील.

म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो. संशोधनासाठीच्या संमतीचा कागद उपचारांच्या कागदांपासून वेगळा असावा, आणि तो मराठीत व कोकणीत असावा. तो उपचार संपल्यावर पुढे ठेवावा. आधी दिलेली संमती असली तरी तेव्हा पुन्हा विचारावे. विचारणारी व्यक्ती उपचार करणारे डॉक्टर नसून समुपदेशक असावी. केंद्रात समुपदेशक असणे आता आवश्यकच आहे. पत्नीशी एकदा एकटीशी बोलावे. घेणाऱ्या संस्थेचे नाव, मालिका अमर्याद काळ जगू शकते ही गोष्ट, आणि व्यापारी उपयोगाची शक्यता लिहिलेली असावी. नकार दिल्यास उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हे पहिल्याच ओळीत असावे. आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना, आपल्या भ्रूणापासून मालिका तयार झाली की नाही, हे कळवले जावे. यांतली एकही मागणी संशोधकाच्या हातातील काम काढून घेत नाही.

यांतले एक काम मात्र शासनाची वाट न पाहता आपल्या मंडळाला करता येईल. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, अनुवादाचा हात असलेले लेखक आहेत. चार-पाच जणांनी बसून असे संमतिपत्र सोप्या, अचूक मराठीत लिहून काढावे, पेडणे आणि डिचोलीतील दहा-बारा बायकांना वाचून दाखवावे, जेथे त्या अडतील तेथे दुरुस्त करावे, आणि मग बांबोळीला व आरोग्य खात्याला सादर करावे. त्यात 'शिल्लक' हा शब्द घालू नये, अशी माझी सूचना आहे. 'राखून ठेवलेले भ्रूण' म्हणावे. ते कशासाठी राखले आणि आता त्यांचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार राखणाऱ्यांचा आहे, एवढे त्या दोन शब्दांतून कळेल. मसुदा करण्यास मी तयार आहे. आणखी चार नावे हवी आहेत.